एका टेबलाभोवतीचा न्याय

१९८० च्या दशकात मायामी हे कोकेनचे अमेरिकेतले एक मोठे प्रवेशद्वार होते. दक्षिण अमेरिकेतून बोटींनी आणि विमानांनी माल उतरायचा, आणि त्यातला काही तिथल्याच गल्ल्यांत विकला जायचा. दशकाच्या मध्यावर ‘क्रॅक’ आला. कोकेनच्या पावडरीपासून केलेला हा खडा ओढायला सोपा आणि एका वेळेपुरता घ्यायला स्वस्त. त्याची नशा काही सेकंदांत चढते आणि काही मिनिटांत उतरते, त्यामुळे माणूस लगेच दुसऱ्या खड्याच्या मागे लागतो. धरपकड वाढली. १९८६ च्या केंद्रीय कायद्याने विक्रीच्या हेतूने पाच ग्रॅम क्रॅक बाळगणाऱ्याला किमान पाच वर्षांचा तुरुंगवास ठरवून दिला. साध्या कोकेन पावडरीसाठी त्याच शिक्षेला पाचशे ग्रॅम लागत. या शंभरपट फरकाचा सर्वांत मोठा फटका कृष्णवर्णीय वस्त्यांना बसला, आणि तो कमी करून अठरापटीवर आणायला २०१० साल उजाडावे लागले.

मायामीचे तुरुंग भरून वाहू लागले. त्याहून जास्त सतावणारी गोष्ट न्यायाधीशांना रोज समोर दिसत होती. आत गेलेला माणूस बाहेर यायचा आणि थोड्याच दिवसांत त्याच आरोपाखाली त्याच कठड्यात उभा राहायचा. मुख्य न्यायाधीश जेराल्ड वेदरिंग्टन यांनी यावर तोडगा काढण्याचे काम सहकारी न्यायाधीश हर्बर्ट क्लाइन यांच्याकडे सोपवले. सरकारी वकिलांच्या कार्यालयाच्या प्रमुख होत्या जॅनेट रिनो, ज्या पुढे १९९३ मध्ये अमेरिकेच्या पहिल्या महिला ॲटर्नी जनरल झाल्या. गरीब आरोपींचा बचाव करणाऱ्या पब्लिक डिफेंडर कार्यालयाची धुरा बेनेट ब्रमर यांच्याकडे होती. एरवी न्यायालयात एकमेकांविरुद्ध उभी राहणारी ही कार्यालये एका योजनेवर एकत्र आली आणि १९८९ मध्ये मायामीत अमेरिकेतले पहिले ड्रग कोर्ट सुरू झाले. न्यायाधीश होते स्टॅन्ली गोल्डस्टीन.

योजना मोजक्या शब्दांत सांगता येते. व्यसनापायी गुन्ह्यात अडकलेल्या माणसाने तुरुंगाऐवजी किमान वर्षभर न्यायालयाच्या देखरेखीखाली उपचार घ्यायचे, वारंवार चाचण्या द्यायच्या, ठरलेल्या दिवशी न्यायाधीशासमोर हजर व्हायचे. नेटाने पूर्ण केले तर खटला रद्द. अर्धवट सोडले तर नेहमीची फौजदारी प्रक्रिया. आज अमेरिकेत अशी उपचार न्यायालये हजारोंच्या संख्येने आहेत. टोरांटोत १९९८ मध्ये, तर सिडनीजवळच्या पॅरामाटात १९९९ मध्ये ती सुरू झाली.

ड्रग कोर्टाबद्दल बोलताना ‘शिक्षेऐवजी उपचार’ एवढेच सांगितले जाते. पण त्यातला खरा बदल माणसांच्या कामात आहे. न्यायाधीश, सरकारी वकील, बचाव वकील, प्रोबेशन (परिवीक्षा) अधिकारी, समुपदेशक, डॉक्टर, पोलीस यांनी आपापली जुनी सवय सोडून एका टेबलाभोवती बसायचे, आणि तरीही आपले मूळ कर्तव्य सोडायचे नाही. जिथे हे जमते तिथे माणसे व्यसनातून बाहेर पडतात. जिथे जमत नाही तिथे उपचाराच्या नावाखाली लांबलेली शिक्षा उरते.

धाकाची मर्यादा

व्यसन हा गुन्हा मानावा की आजार, हा वाद अमेरिकेत जुना आहे. १९६२ मध्ये ‘रॉबिन्सन विरुद्ध कॅलिफोर्निया’ या खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने केवळ व्यसनी असण्याबद्दल शिक्षा देणे घटनाबाह्य ठरवले. पदार्थ जवळ बाळगणे, विकणे, त्यासाठी चोरी करणे हे मात्र गुन्हेच राहिले. त्यामुळे व्यसनी माणूस एका दाराने रुग्ण आणि दुसऱ्या दाराने आरोपी होत राहिला.

आजाराच्या बाजूने पाहिले तर काही गोष्टी आता नीट कळल्या आहेत. दीर्घकाळच्या नशेने मेंदूतली आनंदाची आणि आत्मसंयमाची यंत्रणा बदलते. ती सावरायला महिने लागतात. अमेरिकेच्या राष्ट्रीय व्यसन संशोधन संस्थेच्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार नव्वद दिवसांहून कमी काळच्या उपचारांचा उपयोग मर्यादित राहतो. उपचारानंतर पुन्हा घसरण्याचे प्रमाण साधारण ४० ते ६० टक्के सांगितले जाते. आकडा निराश करणारा वाटतो, पण उच्च रक्तदाब आणि दमा या आजारांतही औषध-पथ्य सुटून त्रास उलटण्याचे प्रमाण तितकेच किंवा त्याहून थोडे जास्त आहे. रक्तदाब पुन्हा वाढला म्हणून आपण रुग्णाला खोटारडा म्हणत नाही.

गुन्ह्याच्या बाजूने पाहिले तर शिक्षेचा परिणाम तीन गोष्टींवर ठरतो: ती नक्की होणार का, किती लवकर होणार आणि किती कडक असणार. साधारण न्यायप्रक्रिया तिसऱ्या गोष्टीवर सगळा भर देते. आज पकडलेल्या माणसाचा निकाल काही महिन्यांनी लागतो, मधल्या काळात त्याने दहा वेळा नशा केली तरी काही घडत नाही, आणि मग एकदम मोठी शिक्षा कोसळते. पुढच्या तासापलीकडचे दिसू नये अशी ज्याची अवस्था झाली आहे, त्याच्या वागण्यावर काही महिन्यांनंतरच्या शिक्षेचा काय परिणाम होणार? ड्रग कोर्टाने हे गणित उलटे मांडले. परिणाम लहान ठेवायचा, पण तो नक्की आणि लगेच द्यायचा. चूक झाली तर त्याच आठवड्यात जाब विचारायचा. चांगले घडले तर त्याच आठवड्यात सर्वांसमोर सांगायचे. शाबासकी आणि बक्षिसे दंडापेक्षा कितीतरी अधिक वेळा दिली जावीत, असे या क्षेत्राचे मानदंड सांगतात. अनेक कोर्टांत काचेचे एक भांडे असते. नियमित राहिलेल्या सहभागीने त्यात हात घालून चिठ्ठी काढायची. चिठ्ठीवर कधी नुसते कौतुकाचे शब्द, कधी छोटे बक्षीस. व्यसनोपचारात ही पद्धत मानसशास्त्रज्ञ नॅन्सी पेट्री यांच्या संशोधनामुळे रुजली.

कोर्ट भरण्याआधीची बैठक

ड्रग कोर्टाचे निम्मे काम लोकांना दिसत नाही. सुनावणीच्या आधी सगळा चमू बंद दाराआड बसतो आणि त्या दिवशी येणाऱ्या प्रत्येक सहभागीबद्दल बोलतो. या बैठकीला तिथे ‘स्टाफिंग’ म्हणतात. ती कशी चालते हे एका कल्पित उदाहरणातून पाहू.

समजा, पंचविशीतला एक तरुण हेरॉइनच्या पायी चोरी करून अडकला आहे. कार्यक्रमात येऊन त्याला सहा आठवडे झाले. या आठवड्यात त्याच्या लघवीच्या तपासणीत हेरॉइन आढळले आणि समुपदेशनाच्या दोन बैठकांना तो आला नाही. जुन्या पद्धतीच्या न्यायालयात एवढ्यावर निर्णय झाला असता. इथे माहिती एकेकाकडून येत जाते. प्रोबेशन अधिकारी घरी जाऊन आलेली आहे. ती सांगते, त्याचा मोठा भाऊ परत राहायला आलाय आणि तोही नशा करतो. समुपदेशक म्हणतो, पहिले पाच आठवडे पोराने एकही बैठक चुकवली नव्हती, आणि रात्री अंग दुखतं अशी तक्रार तो करत होता, तेव्हा औषधाचा डोस कमी पडत असावा, डॉक्टरांनी पाहायला हवे. सरकारी वकील विचारते, नवा काही गुन्हा? नाही. बचाव वकील आठवण करून देतो, तपासणीचा निकाल येण्याआधीच त्याने चूक स्वतःहून सांगितली होती. समन्वयिका वेळापत्रक काढते: त्याला लागलेली नवी नोकरी आणि समुपदेशनाची वेळ एकमेकांवर येत आहेत.

आता प्रश्न उरतो, कशाबद्दल काय करायचे. चांगला चमू इथे तीन गोष्टी वेगळ्या करतो. पहिली, नशा. गंभीर व्यसन असलेल्या माणसाला पहिल्या काही महिन्यांत पूर्ण संयम ठेवणे हे दूरचे लक्ष्य असते. त्याबद्दल दंड नको, उपचारात बदल हवा. दुसरी, गैरहजेरी. हजर राहणे त्याच्या हातात आहे, ते जवळचे लक्ष्य आहे, म्हणून तिच्याबद्दल छोटा दंड, उदाहरणार्थ काही तासांची समाजसेवा. तिसरी, खरे बोलणे. त्याबद्दल सर्वांसमोर शाबासकी. आणि या सगळ्याआधी, भावापासून दूर राहायला जागा शोधणे.

याच बैठकीत व्यवसायांच्या सीमाही सांभाळायच्या असतात. व्यसनोपचाराच्या नोंदी गुप्त ठेवण्याबद्दल अमेरिकेत १९७० च्या दशकापासून कडक केंद्रीय नियम आहेत. सहभागी लेखी संमती देतो, ती ठरावीक माहितीपुरती. हजेरी, प्रगती, तपासणीचे निकाल, उपचाराची पुढची दिशा हे समुपदेशकाने सांगायचे. बालपणी घरात काय सोसले, कोणत्या आठवणीने रात्री झोप उडते, हे बंद खोलीत विश्वासाने सांगितलेले बोलणे टेबलावर आणायचे नाही. एकदा ते आणले की तो माणूस पुन्हा खरे बोलणार नाही, आणि उपचार तिथेच संपतो.

न्यायाधीशाची तीन मिनिटे

बैठकीनंतर कोर्ट भरते. एकेका सहभागीला नावाने पुढे बोलावले जाते. वकिलाच्या तोंडून न बोलता तो स्वतः न्यायाधीशाशी बोलतो. नोकरी मिळाली का? आईशी बोललास का? मागच्या वेळी पाठदुखी सांगत होतास, डॉक्टरकडे गेलास? कुणाचे नव्वद दिवस पूर्ण झाले की न्यायाधीश टाळ्या वाजवतात आणि सगळे कोर्ट त्यांना साथ देते.

टाळ्या वाजवणारे न्यायाधीश पाहून अनेक कायदेपंडितांच्या भुवया उंचावल्या. पण या संवादाचा परिणाम मोजला गेला आहे. २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या मूल्यमापनात २३ ड्रग कोर्टे आणि तुलनेसाठी सहा इतर ठिकाणे घेऊन सुमारे १,८०० लोकांचा दीड वर्ष माग ठेवला गेला. ड्रग कोर्टातल्या लोकांची नशा आणि गुन्हे दोन्ही तुलनेने कमी झाले, आणि त्यामागच्या कारणांत न्यायाधीशाचे वागणे फार वर आले. न्यायाधीश आपल्याला आदराने वागवतात, आपले ऐकून घेतात असे ज्यांना वाटले, त्यांची प्रगती अधिक चांगली होती. दुसऱ्या एका अभ्यासमालेत आढळले की जिथे न्यायाधीश प्रत्येकाला सरासरी निदान तीन मिनिटे देतात, तिथले निकाल अधिक चांगले असतात. व्यसनी माणसाच्या आयुष्यात अधिकारपदावरच्या व्यक्तीने तीन मिनिटे लक्षपूर्वक ऐकण्याचा प्रसंग किती वेळा आलेला असतो, याचा विचार केला की हा निष्कर्ष नवलाचा वाटत नाही.

सर्वांना सारखेच बोलावणे मात्र उपयोगाचे नाही. संशोधक डग्लस मार्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काही सहभागींना दर दोन आठवड्यांनी न्यायाधीशासमोर आणले आणि काहींना फक्त अडचण आली तरच. कोण कोणत्या गटात जाणार हे चिठ्ठ्या टाकल्यासारखे योगायोगाने ठरले. ज्यांचे उपचार आधी फसले होते किंवा ज्यांची समाजविघातक वृत्ती पक्की होती, त्यांना वारंवारच्या सुनावणीचा स्पष्ट फायदा झाला. कमी धोक्याच्या लोकांना झाला नाही.

ही भूमिका न्यायाधीशाच्या शिक्षणात बसत नाही. तटस्थ राहा, अंतर ठेवा, निकाल द्या आणि पुढच्या खटल्याकडे वळा, असे त्याला शिकवलेले असते. कॅलिफोर्नियातल्या न्यायाधीश पेगी होरा यांनी ही दरी भरण्यासाठी पुष्कळ काम केले. कायदा आणि त्याची अंमलबजावणी माणसाला बरे करू शकते किंवा अधिक दुखवू शकते, म्हणून तिच्या परिणामांकडे डोळसपणे पाहावे, हा विचार डेव्हिड वेक्सलर आणि ब्रूस विनिक या कायद्याच्या प्राध्यापकांनी मांडला होता. होरा आणि सहकाऱ्यांनी १९९९ मधल्या आपल्या दीर्घ लेखात तो ड्रग कोर्टांशी जोडला.

वकिलांनी काय सोडायचे, काय नाही

सर्वांत अवघड जागा बचाव वकिलाची. त्याने अशिलासाठी लढायचे, ही त्याची शपथच. ड्रग कोर्टात मात्र तो अशा टेबलाशी बसतो जिथे त्याच्याच अशिलाला दंड करायचा का यावर चर्चा होते. मग तो कोणाचा?

याचे उत्तर क्रमात आहे. दारात पाऊल टाकण्याआधी त्याने पूर्ण लढाऊ वकील असायचे. झडती बेकायदा होती का, पुरावा टिकेल का, साधा खटला लढवला तर काय होईल, हे पाहून अशिलाला स्पष्ट सांगायचे. कारण अनेक कोर्टांत प्रवेशासाठी आधी गुन्हा कबूल करावा लागतो. कार्यक्रम पुरा झाला तर ती कबुली रद्द होते किंवा शिक्षा टळते. फसला तर मात्र खटला न लढताच शिक्षा समोर उभी राहते, आणि कधीकधी ती सुरुवातीला देऊ केलेल्या शिक्षेपेक्षा मोठी असते. महिन्याभराच्या कैदेत सुटू शकणाऱ्याने दीड वर्षाची देखरेख पत्करावी का, हा प्रश्न अशिलाने समजून उमजून सोडवायचा. नशा तुटल्याच्या त्रासाने (विथड्रॉवलने) थरथरणाऱ्या, घाम फुटलेल्या माणसाची सही ही समजून केलेली सही नव्हे. आत आल्यावर वकील प्रत्येक मुद्द्यावर हरकत घेणे सोडतो, पण दंड अवाजवी असेल, निकाल संशयास्पद असेल, कार्यक्रमातून काढून टाकायचे ठरत असेल, तर तो उभा राहतोच. त्याने टेबलावरची मैत्री जपण्यासाठी गप्प बसणे म्हणजे अशिलाला एकटे सोडणे.

सरकारी वकिलाचीही सवय मोडते. जिंकण्याची मोजपट्टी त्याला बदलावी लागते: इथे खटला रद्द होणे हे त्याचे यश आहे. कोणाला आत घ्यायचे यावर बहुतेक ठिकाणी त्याचा शब्द वजनदार असतो, म्हणून जबाबदारीही मोठी. खात्रीने बऱ्या होणाऱ्या, पहिल्यांदाच सापडलेल्या तरुणांना निवडले तर आकडे सुंदर दिसतात, पण ते लोक कदाचित कोर्टाविनाही सावरले असते. गुन्ह्याकडे परत वळण्याचा धोका मोठा आणि व्यसनही गंभीर, अशांवर हा खर्चिक कार्यक्रम सर्वांत परिणामकारक ठरतो, असे अभ्यास सांगतात. उलट कमी धोक्याच्या माणसाला अट्टल गुन्हेगारांबरोबर एका गटात बसवले तर त्याचे नुकसानच होते.

चाचणीचे शास्त्र

या व्यवस्थेचा विश्वास लघवीच्या एका छोट्या बाटलीवर उभा आहे. मानदंड सांगतात, तपासणी आठवड्यातून निदान दोनदा व्हावी, कोणत्या दिवशी ते आधी कळू नये आणि नमुना देताना प्रशिक्षित व्यक्ती समोर हजर असावी. दुसऱ्याचा नमुना आणला असेल तर तापमान सांगते: ताजी लघवी साधारण ३२ ते ३८ अंश सेल्सियस असते. भरपूर पाणी पिऊन नमुना पातळ केला असेल तर त्यातल्या क्रिएटिनिनचे प्रमाण घसरते. गांजाच्या नियमित वापराच्या खुणा कित्येक आठवडे सापडू शकतात, दारू स्वतः काही तासांत निघून जाते, पण तिचा इथाइल ग्लुक्युरोनाइड हा अंश दोन-तीन दिवस पकडता येतो.

पहिली झटपट चाचणी चुकू शकते. सर्दी-खोकल्याचे साधे औषधही काही वेळा अँफेटामिनसारखे दिसते. म्हणून सहभागी निकाल नाकारत असेल तर क्रोमॅटोग्राफी आणि मास स्पेक्ट्रोमेट्री यांसारख्या अचूक तंत्राने खात्री केल्याशिवाय दंड करू नये. तंत्रज्ञाच्या हलगर्जीपणामुळे एक रात्र कोठडीत काढलेला निर्दोष माणूस उपचारावरचा विश्वास कायमचा गमावतो.

औषध कोणी ठरवायचे

न्यायाधीशाने डॉक्टरच्या खुर्चीत बसू नये, हा धडा ड्रग कोर्टे मोठी किंमत देऊन शिकली. हेरॉइन आणि तत्सम अफूजन्य पदार्थांच्या व्यसनावर प्रभावी औषधे आहेत. मेथाडोनचा वापर १९६० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये व्हिन्सेंट डोल आणि मेरी नायस्वँडर या डॉक्टरांनी सिद्ध केला. ब्युप्रेनॉर्फिनला अमेरिकेत २००२ मध्ये मान्यता मिळाली, महिन्यातून एकदा घ्यायच्या नाल्ट्रेक्सोन इंजेक्शनला या व्यसनासाठी २०१० मध्ये. ही औषधे तलफ आवरतात, आणि मेथाडोन व ब्युप्रेनॉर्फिन मृत्यूचे प्रमाणही घटवतात. तरीही अनेक ड्रग कोर्टांनी मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिनवर वर्षानुवर्षे बंदी घातली. एक नशा सोडून दुसरी धरली, असे त्यांना वाटे. डॉक्टरने लिहून दिलेले औषध बंद करा, नाहीतर तुरुंगात जा, असे हुकूम निघाले.

हा गैरसमज जीवघेणा आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या वॉशिंग्टन राज्यातल्या अभ्यासात दिसले की तुरुंगातून सुटल्यानंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत कैद्यांचा अतिमात्रेने मृत्यू होण्याचा धोका इतर रहिवाशांच्या १२९ पट होता. आत असताना शरीराची सहनशक्ती उतरते, बाहेर येऊन माणूस जुन्याच मात्रेत टोचून घेतो, आणि श्वास थांबतो. म्हणजे धडा शिकवायला दिलेला लहानसा तुरुंगवास अशा रुग्णासाठी मृत्युदंड ठरू शकतो. २०१५ पासून केंद्रीय अनुदान घेणाऱ्या ड्रग कोर्टांना या औषधांवर सरसकट बंदी घालता येत नाही. २०२२ मध्ये अमेरिकेच्या न्याय खात्याने स्पष्ट केले की डॉक्टरने दिलेल्या अशा औषधामुळे एखाद्याला कार्यक्रमातून वगळणे हा अपंगत्वाच्या आधारावर केलेला भेदभाव ठरू शकतो.

मायामीचे पहिले कोर्ट कानाच्या पाळीत सुया टोचण्याची ॲक्युपंक्चर पद्धत मोठ्या आशेने वापरत असे. कोकेनच्या व्यसनावर तिचा उपयोग होतो असा भक्कम पुरावा पुढे मिळाला नाही. एकीकडे पुरावा नसलेला उपचार उत्साहाने स्वीकारला आणि दुसरीकडे पुरावा असलेला दारातून परतवला. दोन्ही ठिकाणी कारण एकच: वैद्यकीय निर्णय वैद्यकाबाहेरच्या समजुतींवर घेतले गेले.

टीका आणि मानदंड

ड्रग कोर्टांवर कठोर टीका झाली आहे आणि ती ऐकण्यासारखी आहे. डेन्व्हरचे न्यायाधीश मॉरिस हॉफमन यांनी २००० मध्ये दाखवून दिले की त्यांच्या शहरात ड्रग कोर्ट सुरू झाल्यावर अमली पदार्थांचे खटले कमी होण्याऐवजी प्रचंड वाढले. उपचाराची सोय आहे म्हटल्यावर पोलीस आणि सरकारी वकील पूर्वी सोडून दिले असते असे लोकही आत ओढू लागले. अनेक ठिकाणी कृष्णवर्णीयांना प्रवेश कमी मिळतो आणि आत आलेल्यांपैकी कार्यक्रम पूर्ण करणाऱ्यांतही त्यांचे प्रमाण कमी आढळते. ‘फिजिशियन्स फॉर ह्युमन राइट्स’ या डॉक्टरांच्या संघटनेने २०१७ च्या अहवालात उपचारांच्या दर्जावर आणि न्यायालयाच्या वैद्यकीय ढवळाढवळीवर बोट ठेवले.

दुसऱ्या बाजूला पुरावाही आहे. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १५४ मूल्यमापनांच्या एकत्रित विश्लेषणात प्रौढांच्या ड्रग कोर्टांमुळे पुन्हा गुन्हा घडण्याचे प्रमाण ५० टक्क्यांवरून सुमारे ३८ टक्क्यांवर येते, असे आढळले. पण सरासरीच्या पोटात फार मोठा फरक दडलेला असतो. काही कोर्टे उत्तम काम करतात, काहींचा परिणाम शून्य.

हा फरक कमी व्हावा म्हणून व्यावसायिकांनी स्वतःची शिस्त घडवली. १९९४ मध्ये ड्रग कोर्टात काम करणाऱ्यांची राष्ट्रीय संघटना स्थापन झाली, तिचे नाव २०२३ पासून ‘ऑल राइज’ आहे. १९९७ मध्ये दहा मूलभूत घटक ठरले. २०१३ आणि २०१५ मध्ये सविस्तर मानदंड दोन भागांत आले, आणि पुढे त्यांची नवी आवृत्ती निघाली. एका प्रोबेशन अधिकाऱ्याकडे किती माणसे असावीत, दंड म्हणून तुरुंगात किती दिवस ठेवावे, न्यायाधीश किती काळ बदलू नये, प्रवेशात वंशभेद होतो का हे आकड्यांनी कसे तपासावे, हे सगळे त्यांत आहे. दरवर्षी हजारो न्यायाधीश, वकील, समुपदेशक आणि पोलीस एका परिषदेत शिकायला येतात. तिथे एक न्यायाधीश औषधशास्त्राच्या वर्गात बसतो आणि एक डॉक्टर घटनात्मक हक्कांच्या. आपल्या शेजारी बसणाऱ्याचे शास्त्र थोडे तरी समजल्याशिवाय या टेबलावरचे काम जमत नाही.

आपल्या कायद्यातली दारे

भारतात ड्रग कोर्ट नाही. पण अमली पदार्थांविषयीच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात उपचाराची दारे आहेत. कलम २७ नुसार सेवनाबद्दल पदार्थाप्रमाणे सहा महिने किंवा एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. कलम ३९ नुसार न्यायालय सेवनाच्या किंवा अल्प मात्रेच्या गुन्ह्यात दोषी ठरलेल्या व्यसनीला शिक्षा सुनावण्याऐवजी त्याच्या संमतीने सरकारी किंवा सरकारमान्य संस्थेत उपचारासाठी सोडू शकते, वर्षाच्या आत वैद्यकीय अहवाल मागवू शकते आणि प्रगती पाहून पुढे बंधपत्रावर मोकळे करू शकते. कलम ६४अ सांगते की सेवनाचा किंवा अल्प मात्रेचा आरोप असलेल्या व्यसनीने स्वेच्छेने उपचार मागून ते पूर्ण केले तर त्याच्यावर खटला चालणार नाही. हेरॉइनसाठी ही अल्प मात्रा पाच ग्रॅम आहे, गांजासाठी एक किलो.

उपचाराचा अनुभवही आपल्याकडे आहे. पुण्यात ब्राउन शुगर म्हणजे ‘गर्द’ पसरला तेव्हा १९८६ मध्ये डॉ. अनिता आणि अनिल अवचट यांनी येरवड्यात ‘मुक्तांगण’ सुरू केले. ‘टर्की’त, म्हणजे नशा तुटल्यावरच्या त्रासात, तळमळणाऱ्या पोरांना सांभाळणे, घरच्यांना बरोबर घेणे, व्यसनातून बाहेर आलेल्यालाच दुसऱ्याचा आधार बनवणे, घसरलेल्याला पुन्हा आत घेणे, या सगळ्याचे ज्ञान महाराष्ट्रात चार दशकांपासून जमा आहे.

मग कायद्याची दारे एवढी कमी का वापरली जातात? कारण कलमे आपोआप चालत नाहीत. अल्प मात्रेसह पकडलेल्या तरुणाला ६४अ बद्दल पहिल्याच दिवशी सांगणारा वकील हवा. त्याला खरोखर व्यसन आहे का आणि किती गंभीर, हे दोन दिवसांत तपासून सांगणारा डॉक्टर हवा. कोणत्या केंद्रात जागा आहे हे ठाऊक असणारा समन्वयक हवा. उपचार सुटला तर घरी जाऊन विचारणारा परिवीक्षा अधिकारी हवा, आणि त्याच्याकडे अशी शेकडो प्रकरणे नकोत. घसरण झाल्याचे ऐकून लगेच जामीन रद्द न करता कारण विचारणारा न्यायाधीश हवा. आणि हे सगळे एकमेकांशी बोलायला हवेत.

अमेरिकेचा साचा जसाच्या तसा उचलण्याची गरज नाही. त्यातल्या चुका त्यांच्याच लोकांनी दाखवून दिल्या आहेत, आणि उपचारासाठी आधी आरोपी व्हावे लागणे ही कुठल्याही समाजाला शोभणारी गोष्ट नाही. बहुतेक व्यसनी माणसांना न्यायालयाची पायरी चढण्यापूर्वीच उपचार मिळायला हवेत. पण जे त्या पायरीपर्यंत पोचतात त्यांच्यासाठी तीन नियम कुठेही लागू पडतात. न्यायालयाने माणसाला उपचारापर्यंत आणावे, उपचार कोणता हे डॉक्टरवर सोपवावे. परिणाम लहान, नक्की आणि लगेच असावा. आणि टेबलाभोवती बसलेल्या प्रत्येकाने सहकार्य करताना आपल्या व्यवसायाचे एक कर्तव्य राखून ठेवावे: वकिलाने हक्काचे, समुपदेशकाने गुपिताचे, डॉक्टरने पुराव्याचे, न्यायाधीशाने न्यायाचे. हे घडवायला नव्या इमारती लागत नाहीत. एखाद्या जिल्ह्यात न्यायाधीश, विधी सेवा प्राधिकरणाचा वकील, जिल्हा रुग्णालयाचा मनोविकारतज्ज्ञ, परिवीक्षा अधिकारी आणि एक व्यसनमुक्ती केंद्र यांनी आठवड्यातला एक तास राखून ठेवला तरी ३९ आणि ६४अ ही कलमे कागदावरून माणसांपर्यंत पोचू लागतील.